कांटोरेकच्या जागेवर उभं राहून ‘ऑल क्वाएट’ शिकवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एरिख मारिया रेमार्कची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही पहिल्या महायुद्धावरची जर्मन कादंबरी लागली आहे. अर्धा वर्ग गाईडवर विसंबून आहे, काहींनी नेटफ्लिक्सवरचा सिनेमा पाहिलाय, आणि आठ-दहा मुलं पहाटे मैदानावर सोळाशे मीटर धावून, अंघोळ करून तुमच्या तासाला येतात, कारण त्यांना अग्निवीर व्हायचंय. या मुलांपुढे ही कादंबरी कशी शिकवायची, आणि शिकवावी का?

मी सातारा जिल्ह्यात सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यात ही कादंबरी अकरा वेळा वर्गात घेतली. शेवटच्या मुद्द्यावर शेवटी येतो. आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कळायला मलाच पाच-सहा वर्षं लागली. या पुस्तकात ज्याच्याकडे सर्वांत कठोर नजरेने पाहिलंय तो माणूस शिक्षक आहे. शत्रूचा सेनापती नाही, जर्मन सम्राट कैसर नाही. वर्गाच्या फळ्यासमोर उभा राहणारा आपल्यातलाच एक जण आहे. त्याचं नाव कांटोरेक.

गोष्ट सांगणारा पॉल बॉयमर आणि त्याचे वर्गमित्र सैन्यात कसे गेले ते पहिल्याच प्रकरणात येतं. त्यांचे मास्तर कांटोरेक कवायतीच्या तासाला इतकी भाषणं देत, की शेवटी सगळा वर्ग त्यांच्या मागोमाग भरती कार्यालयात जाऊन नाव नोंदवून आला. एक मुलगा मात्र तयार नव्हता. योसेफ बेम, जाडसर, घरगुती वळणाचा. पण एकट्याने मागे राहायचं म्हणजे भित्रा ठरायचं, म्हणून तोही गेला, आणि सगळ्यांत आधी मेला. डोळ्याला गोळी लागली, मेला समजून सोबत्यांनी तिथेच सोडला. दुपारी तो शुद्धीवर आला आणि आंधळा होऊन, वेदनेने वेडापिसा होऊन दोन्ही सैन्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत रांगत सुटला. कोणी आणायला जाण्याआधीच त्याला टिपला. पॉल इथे कांटोरेकला शिव्या देत नाही. असे हजारो कांटोरेक होते आणि आपण भल्यासाठीच करतोय अशी त्या सगळ्यांची खात्री होती, एवढंच तो म्हणतो. शिकवताना या वाक्यावर थांबा. कांटोरेक दुष्ट नाही. त्याला त्याचे विद्यार्थी आवडतात, आघाडीवर तो त्यांना पत्र लिहितो, ‘पोलादी तरुण’ म्हणून त्यांचा गौरव करतो. ते पत्र वाचणाऱ्यांतला एकही जण वीस वर्षांपेक्षा मोठा नसतो, आणि आपण तरुण उरलोय असं त्यांच्यातल्या कोणालाच वाटत नसतं.

माझी सुरुवातीची चूक ही की मी उलट्या बाजूचा कांटोरेक झालो होतो. पहिल्या तासालाच युद्ध किती वाईट यावर पाऊण तास बोललो. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं, पेपरात लिहिलं, मार्क मिळवले. पुस्तक बहुतेकांनी उघडलंही नाही. घोषणा बदलली होती, पद्धत तीच होती: मोठ्या माणसाने मोठा शब्द द्यायचा आणि लहानांनी तो उचलायचा. रेमार्क स्वतः ओस्नाब्रुकच्या अध्यापक विद्यालयात शिकलेला होता, आणि युद्धानंतर वर्षभर गावोगावच्या शाळांत मास्तर होता. वर्गातलं भाषण कसं रंगतं, ते त्याला आतून माहीत होतं. त्याने पुस्तकाच्या सुरुवातीच्या चार ओळींच्या टिपणात लिहून ठेवलंय, की हा आरोप नाही आणि कबुलीजबाबही नाही. तोफगोळ्यांतून वाचली तरी युद्धाने उद्ध्वस्त झाली अशा एका पिढीविषयी सांगायचा हा प्रयत्न आहे. हे टिपण पहिल्या दिवशी वाचून दाखवा, आणि ‘युद्धविरोधी कादंबरी’ हा शब्द किमान आठ तास फळ्यावर येऊ देऊ नका.

मग सुरुवात कुठून? जेवणापासून. कादंबरी जेवणानेच सुरू होते. आघाडीच्या मागे विश्रांतीला आलेली पलटण आहे, पोटभर उसळ आणि गोमांस झालंय, पुन्हा वाढून घ्यायलाही मिळालंय, ब्रेड दुप्पट, तंबाखू दुप्पट. सगळे खुशीत आहेत. का? आचाऱ्याने दीडशे माणसांचा शिधा शिजवला होता आणि परत आले ऐंशी. आचारी सगळं वाटायला तयार नसतो, कारण हिशोब दीडशेचा आहे, आणि भुकेली पोरं त्याच्याशी भांडतात. हा प्रसंग मोठ्याने, सावकाश वाचा. पहिल्यांदा मुलं हसतात. हसू द्या. मग एवढंच विचारा: उरलेलं जेवण कोणाचं होतं? मी हा प्रश्न विचारून खिडकीपाशी जाऊन उभा राहायचो. उत्तर द्यायला कोणी घाई करत नाही, पण ते आपापल्या वहीत वजाबाकी करून पाहतात. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी पुन्हा हजेरी होते तेव्हा बत्तीस जण उरलेले असतात. दीडशे, ऐंशी, बत्तीस. हे तीन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पूर्ण सेमिस्टर पुसू नका.

त्यानंतर बूट. या कादंबरीतला सर्वांत शिकवण्याजोगा धागा हाच, असं मला वाटतं. फ्रान्त्स केमेरिष इस्पितळात आहे, पाय कापलाय, पण त्याला अजून ते कळलेलं नाही. त्याच्या कॉटखाली त्याचे बूट आहेत. मऊ पिवळ्या कातड्याचे, वैमानिक घालतात तसे. सोबत आलेला म्युलर बूट उचलून पाहतो आणि विचारतो, हे तुला लागणार आहेत का? पॉल त्याच्या पायावर पाय देतो. इथे वर्गात हमखास कोणीतरी म्हणतं, ‘सर, किती हलकट आहे हा.’ त्याला थांबवू नका, पुढचं प्रकरण वाचायला सांगा. तिथे पॉल म्युलरची बाजू मांडतो. केमेरिषला त्याचा काही उपयोग होणार असता तर म्युलर अनवाणी काटेरी तारांवरून चालत गेला असता. पण आता ते बूट केमेरिषच्या कामाचे नाहीत, आणि आपण नेले नाहीत तर इस्पितळातला एखादा नोकर लांबवणार. चांगले बूट दुर्मीळ आहेत, एवढंच खरं उरलंय. पॉल आणि म्युलर दोघेही माणूसपण सोडून बसलेले नाहीत. त्यांच्याकडची विचार करण्याची जागा लहान झाली आहे, बुटांच्या मापाएवढी.

मग केमेरिष मरतो ती संध्याकाळ. पॉल तासभर त्याच्याजवळ बसून आहे. डॉक्टरांना बोलवायला धावतो, तर डॉक्टर म्हणतात, आज मी पाच पाय कापलेत, मला कसं आठवणार? नोकर म्हणतो, पाच वाजल्यापासून एकामागून एक ऑपरेशन चाललंय, आज सोळा गेले, तुमचा सतरावा. पॉल ओळखीची पट्टी सोडवतो, बूट घेतो आणि बाहेर पडतो. बाहेर अंधारात वारा लागल्यावर त्याला जगण्याची अशी काही ओढ वाटते की तो धावत सुटतो. म्युलरला बूट बरोबर बसतात. तो आपल्या पिशवीतून शोधून पॉलला सॉसेजचा तुकडा आणि रम घातलेला चहा देतो. प्रकरण संपतं. पुढे अकराव्या प्रकरणात म्युलर मरतो, बूट पॉलकडे येतात, आणि पॉल सांगतो की माझ्यानंतर ते सोबती त्यादेनला द्यायचं कबूल केलंय. मी मुलांना फळ्यावर चार नावं बाणांनी जोडायला सांगायचो: केमेरिष, म्युलर, पॉल, त्यादेन. बाण काढणारा मुलगा तिसऱ्या नावापाशी पोचला की त्याच्या लक्षात येतं, आपल्याला गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या पायात आता ते बूट आहेत. हे तुम्ही सांगू नका. बाण त्याच्याच हातून काढून घ्या.

असे धागे वाटून देण्याचा मला फार उपयोग झाला. प्रत्येक चार-पाच मुलांच्या गटाला एक वस्तू द्यायची आणि पूर्ण कादंबरीभर तिचा माग ठेवायला लावायचा: बूट, अन्न, हात, माती, घोडे, पत्रं, पुस्तकं. घोड्यांचा गट चौथ्या प्रकरणात जखमी घोड्यांच्या किंकाळ्यांपाशी पोचतो. तिथे शेतकरी असलेला डेटेरिंग संतापाने म्हणतो की घोड्यांना युद्धात आणणं ही सगळ्यांत मोठी नीचता आहे. शेतकऱ्यांची मुलं त्या पानावर जे बोलतात ते गाईडात कुठेच नाही. एका मुलाने आमच्या वर्गात सांगितलं होतं, की त्यांच्या गोठ्यातला बैल पाय मोडून पडला तेव्हा वडील दोन दिवस जेवले नव्हते, आणि ‘डेटेरिंग आमच्याकडचाच आहे.’ पुढे चेरीची झाडं बहरलेली दिसली म्हणून घराच्या ओढीने डेटेरिंग पलटण सोडून निघतो आणि पकडला जातो, तेव्हा तो मुलगा खिन्न होऊन बसला होता.

पुस्तकांच्या गटाकडे मात्र तुम्ही स्वतः लक्ष द्या, कारण तो आपल्या धंद्याचा विषय आहे. म्युलर आघाडीवरही शाळेची पुस्तकं जवळ बाळगतो आणि तोफांच्या माऱ्यात भौतिकशास्त्राची सूत्रं पुटपुटतो. पाचव्या प्रकरणात पोरं एकमेकांना शाळेतले प्रश्न विचारतात: झामाची लढाई कधी झाली, मेलबर्नची लोकसंख्या किती. कोणालाच धड उत्तर येत नाही. मग ते वर्गातली मुलं मोजतात. वीस होतो. सात मेले, चार जखमी, एक वेड्यांच्या इस्पितळात. म्हणजे बारा. मी हा उतारा घ्यायचो त्या दिवशी आधी रोजच्यासारखी हजेरी घ्यायचो आणि हजेरीबद्दल एक शब्दही बोलायचो नाही. सहावं प्रकरण उघडतं ते एका पडक्या शाळेपाशी: तोफगोळ्यांनी उद्ध्वस्त झालेली इमारत, आणि तिच्या भिंतीला लावून रचलेल्या शंभरेक कोऱ्या पिवळ्या शवपेट्या, अजून लाकडाचा वास येणाऱ्या. हल्ला होण्याआधीच त्या आणून ठेवल्यात. आणि सातव्या प्रकरणात कांटोरेक परत येतो, पण आता स्वतःच सैन्यात भरती झालेला, ढगळ गणवेशातला. त्याच्यावर कवायत घेणारा अधिकारी त्याचाच विद्यार्थी मिटेलश्टेट आहे. तो मास्तरांचीच जुनी वाक्यं त्यांना ऐकवतो. त्यात मुलांना मजा वाटते, पण त्याच दृश्यात मिटेलश्टेट बेमची आठवण करून देतो: तुम्ही नसता तर त्याला नियमाने बोलावणं यायला अजून तीन महिने होते, तेवढा तरी तो जगला असता. तीन महिने. मास्तरांच्या भाषणाची किंमत इतक्या नेमकेपणाने मांडलेली मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

आता जिथे बहुतेक शिक्षक चुकतात ती जागा. नवव्या प्रकरणात पॉल तोफगोळ्याच्या खड्ड्यात लपलेला असतो, एक फ्रेंच शिपाई त्याच्या अंगावर येऊन पडतो, आणि पॉल त्याला भोसकतो. तो लगेच मरत नाही. तासन्‌तास त्याची घरघर ऐकत पॉल तिथेच बसलेला. त्याला पाणी पाजतो, जखम बांधतो, मेल्यावर त्याचं पाकीट उघडतो: बायको-मुलीचे फोटो, पत्रं, आणि नाव. जेरार द्युवाल, छापखान्यात अक्षरं जुळवणारा. पॉल त्याला वचनं देतो, तुझ्या घरी लिहीन, हे पुन्हा घडू देणार नाही. वर्गात डोळे ओलावतात, आणि शिक्षक तिथेच पुस्तक मिटतात. मिटू नका. पुढची दोन पानं वाचा. पॉल परत येतो, त्याचे सोबती काट आणि क्रॉप त्याला समजावतात, बाजूला एक नेमबाज दुर्बिणीतून माणसं टिपत आपला आकडा वाढवतोय, आणि पॉल स्वतःशी म्हणतो, अखेर युद्ध म्हणजे युद्धच. घरी पत्र लिहायचं वचन हवेत विरतं. ही दोन पानं वगळली तर कादंबरी पश्चात्तापाची गोष्ट होते, आणि मुलांना एक स्वस्त समाधान मिळतं. ती वाचली तर अवघड प्रश्न उभा राहतो: जो माणूस काल इतका खरा रडला, तो आज हे कसं बोलू शकतो? पॉल आणि म्युलर या दोघांचं उत्तर एकच आहे, आणि बुटांच्या गटाने ते आधीच शोधलेलं असतं.

सुट्टीचं प्रकरण आपल्याकडे जसं उमगतं तसं पुण्या-मुंबईच्या वर्गात उमगत असेल का, मला शंका आहे. आमच्या वर्गात दरवर्षी पाच-सहा फौजींची मुलं असायची. पॉल सतरा दिवसांच्या सुट्टीवर घरी येतो. आई आजारी, अंथरुणाला खिळलेली, तरी त्याच्या आवडीच्या बटाट्याच्या धिरड्या आणि जॅम राखून ठेवलेला. वडिलांना त्याला गणवेशात मिरवायचंय आणि आघाडीच्या गोष्टी ऐकायच्यात. शाळेचे मुख्याध्यापक हॉटेलात त्याला ऐकवतात की बेल्जियम आपल्याला मिळायलाच हवा. पॉल साधे कपडे घालतो आणि गोष्टी सांगत नाही, कारण शब्दांत आणल्या तर त्या आवरणार नाहीत अशी त्याला भीती वाटते. खोलीत जाऊन जुनी पुस्तकं काढतो आणि एकही त्याच्याशी बोलत नाही. हे वाचल्यावर एका मुलीने तासानंतर थांबून मला सांगितलं, की काका सुट्टीवर आले की पहिले तीन-चार दिवस आजी सगळ्यांना ताकीद देते, ‘त्याला काही विचारू नका.’ तिला वाटायचं काका चिडके आहेत. मी तिला काही समजावलं नाही. पुढच्या तासाला तिला केमेरिषच्या आईचा उतारा वाचायला दिला. त्यात ती आई पॉलला विचारते, माझा मुलगा कसा गेला, आणि पॉल शपथेवर खोटं सांगतो की तो क्षणात गेला, त्याला कळलंही नाही. मुलीने तो नीट, आवाज न हलवता वाचला.

संकोचाच्या जागांबद्दल दोन शब्द. उघड्यावर पेट्यांवर बसून गप्पा मारत शौच उरकण्याचा प्रसंग, नदीपलीकडच्या फ्रेंच बायकांचा प्रसंग, इस्पितळात नवऱ्याला भेटायला आलेल्या बाईचा प्रसंग. मुली वर्गात आहेत म्हणून हे गाळू नका. सरळ आवाजात, न थांबता वाचा. शिक्षकाचा आवाज अडखळला नाही तर वर्गही अडखळत नाही.

सिनेमाबद्दल: तो पाहू द्या, पण कादंबरी संपल्यावर. २०२२ च्या जर्मन सिनेमाला चार ऑस्कर मिळाले आणि तो ताकदीचा आहे, पण त्यात घरी येण्याची सुट्टी नाही, पोस्टमनचा कॉर्पोरल झालेला हिमेलश्टोस नाही, कांटोरेकच्या कवायतीचं दृश्य नाही. तहाच्या वाटाघाटींचा जो भाग आहे तो कादंबरीत कुठेच नाही. सिनेमातला पॉल ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबायच्या काही मिनिटं आधी हल्ल्यात मरतो. कादंबरीतला पॉल ऑक्टोबरमध्ये, एका अगदी शांत दिवशी मरतो. हा फरक मोठा आहे. एकात मृत्यू घडामोडीच्या कळसावर येतो, दुसऱ्यात काहीही घडत नसताना. १९३० च्या अमेरिकन सिनेमात पॉल सुट्टीवर असताना कांटोरेकच्या वर्गात जाऊन मुलांना युद्धाविरुद्ध बोलतो. तेही पुस्तकात नाही. शिक्षकांच्या टिपणांत सुद्धा हे दृश्य कादंबरीतलं म्हणून उतरलेलं मी पाहिलंय, म्हणून मुद्दाम सांगतो.

पुस्तकाच्या आयुष्याला एक तास पुरे. १९२८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बर्लिनच्या ‘फोसिशे त्साइटुंग’ या दैनिकात ती क्रमशः आली, जानेवारी १९२९ मध्ये पुस्तक निघालं. डिसेंबर १९३० मध्ये सिनेमाच्या बर्लिनमधल्या खेळात नाझी नेता गोबेल्सच्या लोकांनी प्रेक्षागृहात पांढरे उंदीर सोडले, दुर्गंधीच्या कुप्या फोडल्या, आणि थोड्याच दिवसांत सिनेमावर बंदी आली. १० मे १९३३ ला पुस्तक जाळलं गेलं, १९३८ मध्ये रेमार्कचं नागरिकत्व काढून घेतलं. त्याची धाकटी बहीण एल्फ्रीडे शोल्त्स जर्मनीतच राहिली होती. युद्ध हरणार असं बोलल्याबद्दल १६ डिसेंबर १९४३ ला तिचा शिरच्छेद झाला. रेमार्क प्रत्यक्ष आघाडीवर होता तो जून १९१७ पासून काही आठवडेच. ३१ जुलैला फ्लँडर्समध्ये जखमी झाला आणि उरलेलं युद्ध बहुतांशी इस्पितळात गेलं. ‘मग त्याला काय माहीत?’ असं मुलं विचारतात. इस्पितळाचं दहावं प्रकरण वाचायला सांगा. वर्षभर त्याने शेजारच्या कॉटांवरचं ऐकलेलं त्यात दिसतं.

आता शीर्षक. मूळ जर्मन ‘इम वेस्टेन निष्ट्स नॉयेस’, शब्दशः ‘पश्चिमेला नवीन काही नाही’. सैन्याच्या दैनिक बातमीपत्रातली ही ठरीव ओळ. १९२९ च्या इंग्रजी अनुवादाने त्याचं ‘सगळं शांत’ केलं. मुलांना मराठी शीर्षक करायला सांगा, तासभर वाद होतो. ‘पश्चिम आघाडीवर सामसूम’, ‘विशेष काही नाही’, ‘इकडील सर्व क्षेम’ अशी उत्तरं येतात, आणि यांतला शेवटचा, पत्रातला मायना सुचवणाऱ्या मुलाला आपण काय पकडलंय ते लगेच कळत नाही. मग मी पानिपतचा निरोप काढायचो. १७६१ च्या पराभवानंतर पेशव्यांकडे पोचलेला तो सांकेतिक मजकूर प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेला असतो: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव हे सगळ्यांना पाठ असतं. मी विचारायचो, खुर्दा कोण? हाच प्रश्न या कादंबरीच्या मुळाशी आहे. रेमार्कने मोती सोडून दिले आणि खुर्द्यातलं एक नाणं उचलून त्याच्याकडे दोनशे पानं पाहत बसला. ज्या दिवशी ते नाणं हरवलं त्या दिवशीच्या हिशोबात ‘नवीन काही नाही’ अशी नोंद आहे.

आपल्या मुलखाशी याचा खरा संबंध आहेच, पण तो बेताने आणा. त्याच महायुद्धात पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या. कूत-अल-अमारात त्या जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकल्या, शेवटी घोडे-खेचरं खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. कैदेत कित्येक गेले. साताऱ्याच्या बाजूला जुन्या गावांत अजून छोट्या दगडी पाट्या दिसतात: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. एका वर्षी आम्ही मुलांना घेऊन अशी एक पाटी पाहायला गेलो. चावडीच्या भिंतीत बसवलेली, चुना फासून फासून अक्षरं बुजलेली. एका मुलीने ओढणीच्या टोकाने धूळ पुसली तेव्हा दोन आकडे दिसले. नाव एकही नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, त्यांनाही एकही नाव सांगता आलं नाही. परत येताना बसमध्ये कोणी फारसं बोललं नाही. मात्र हा दौरा सेमिस्टरच्या शेवटी ठेवा. आधी नेलंत तर मुलं पॉलला विसरून आपल्या गावाबद्दल बोलू लागतात, आणि एका जर्मन मुलाचं दुःख जर्मन म्हणूनच ऐकायची जी सवय या पुस्तकाने लावायची असते, ती लागत नाही.

परीक्षेत प्रश्न ‘युद्धविरोधी कादंबरी म्हणून चर्चा करा’ असाच येणार. मुलांना सांगा, हो, लिहा, पण पहिल्या परिच्छेदात एक वस्तू हवी. बूट, दीडशेचं जेवण, शवपेट्या, काहीही. वस्तूपासून निघालेलं उत्तर गाईडातल्या उत्तरापेक्षा वेगळं वाचलं जातं, आणि तपासणाऱ्याच्याही ते लक्षात येतं. नाव लिहिताना ‘बॉयमर’ असा उच्चार एकदा पक्का करून द्या, नाहीतर ‘ब्यूमर’पासून ‘बाउमर’पर्यंत काहीही येतं.

आणि भरतीची मुलं. मीही सुरुवातीला त्यांना बघून आवाज खाली आणायचो, जणू त्यांच्या निवडीवर मी टीका करतोय. एकदा अशाच एका मुलाने मला थेट विचारलं, ‘सर, तुम्हाला वाटतं का मी जाऊ नये?’ त्याच्या घरी दीड एकर कोरडवाहू जमीन, धाकटी बहीण, वडिलांचं कर्ज. मी म्हणालो, ते मी सांगणार नाही. मी कांटोरेक व्हायचं नाही असं ठरवलंय, तुला पाठवायला नाही आणि अडवायलाही नाही. त्याला हे उत्तर आवडलं नाही, आणि ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण शेवटचा तास त्याच्याकडून वाचून घेतला. बारावं प्रकरण दीड-दोन पानांचं आहे. पॉल एकटा उरलाय, वर्गातला शेवटचा. मग एक जागा सोडून शेवटचे दोन छोटे परिच्छेद येतात आणि अख्ख्या पुस्तकात पहिल्यांदाच ‘मी’ जाऊन ‘तो’ येतो. त्या मुलाने ‘आय’ वाचता वाचता ‘ही’ वाचलं आणि थांबला. ओळ चुकली की काय म्हणून मागे जाऊन परत वाचलं. पुन्हा ‘ही’च आलं. मग त्याने पुस्तक खाली ठेवलं आणि विचारलं, ‘सर, मग हे सांगतंय कोण?’

तुम्हीही शेवटचा तास असाच ठेवा. वाचणारा मुलगा त्या सर्वनामापाशी थांबेल. तो स्वतः विचारेपर्यंत वाट पाहा, आणि उत्तर द्यायची घाई करू नका. तास संपला तरी चालेल.